बाराव्या सेकंदाला मी हसते

माझं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं ते पाववाल्याच्या फोनवर. सकाळी सातच्या सुमारास तो नेहमीसारखा भोंगा वाजवत आला, मी टोपली घेऊन गेटपाशी गेले, आणि पाव काढायच्या आधी त्याने खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला.

"बाय, ह्यां बगलास? ह्या तुमीच मा?"

फोनमध्ये आमच्या समोरच्या घराचं अंगण दिसत होतं. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक पायवाट आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, एवढंच अंतर. त्या घरात एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून राहतात. म्हातारीला मी काकी म्हणते. तिने उभा जन्म मालवणच्या बाजारात मासे विकले आणि घर उभं केलं. मुलाने आणि सुनेने त्याच घराला मागे तीन खोल्या जोडून पर्यटकांसाठी होमस्टे काढला. काकीची लेक शिरोड्याला दिलेली आहे. त्या आठवड्यात ती माहेरी आली होती, आणि तो व्हिडिओ तिनेच काढला होता.

व्हिडिओत काकी कापडी पिशवी घेऊन गेटपाशी उभी आहे. मुलाचा एक हात त्या पिशवीवर आहे. तो ओरडतो, "जा, जा तुका जावचां तर!" काकी काहीतरी बोलते, पण वाऱ्याच्या आवाजात ते ऐकू येत नाही. फोन धरलेली लेक म्हणते, "बगा, सगळ्यांनी बगा, हो माझो भाव आवशीक घराभायर काढता." बाराव्या सेकंदाला फोन जरा हलतो आणि त्या दोघांच्या मागे, गडग्यापलीकडे, मी दिसते. निळा गाऊन, गळ्यात माप घ्यायची टेप, एक हात कपाळावर, तोंड उघडं, आणि दात दिसतायत. चार सेकंद मी तिथे आहे, मग फोन पुन्हा काकीकडे वळतो.

"तुमी कित्या हसलास ओ?" पाववाल्याने विचारलं. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, मी हसत नव्हते. मग म्हटलं, पुन्हा लाव बघू. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी हसत होते. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला काहीच कळेना. पाव घ्यायचे राहिले ते तो निघून गेल्यावर लक्षात आलं.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, गाऊन, लग्नाचे फ्रॉक, चर्चमध्ये मुलींच्या पहिल्या कम्युनियनला लागणारे पांढरे झगे. मशीन पडवीत आहे, त्यामुळे येणारं जाणारं सगळं मला दिसतं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मशीनवर बसलं की सुईपलीकडे काही दिसत नाही. समोरच्या घरातून मोठे आवाज आले तर मी काय करते? मशीन चालू ठेवते. आमच्या वाडीत सगळे हेच करतात. भांडण ऐकू येतं, आणि दुसऱ्या दिवशी ते कुणीच ऐकलेलं नसतं. आमच्या घरात माझी आणि नवऱ्याची वाजते तेव्हा काकीही हेच करत असणार.

त्या दिवसाबद्दल मी खूप आठवून पाहिलं. मे महिना होता. समोर पाहुण्यांची गाडी उभी होती. मी एका नवरीचा झगा पुरा करत होते, त्याच्या मण्यांनी माझे डोळे दुखले होते. मध्येच कधीतरी उठून मी अंगणातल्या खळ्यात वाळत घातलेली आमसुलं परतायला गेले असेन, कारण ते काम रोजचंच होतं. कपाळावर हात का, तर ऊन असेल. पण हसले कशाला? आणि तो निळा गाऊन तर मी त्या आठवड्यात धुवायला टाकला होता, असं मला अजून वाटतं. व्हिडिओत मात्र तो माझ्या अंगावर आहे.

माझा नवरा रेडीला खनिजाच्या ट्रकवर होता, आता घरीच असतो. त्याने चष्मा लावून व्हिडिओ चार वेळा पाहिला.

"तू हसणंस नाय," तो म्हणाला. "तुका शिंक येता मा, तेच्या आदी तू अशी दिसतंस."

"मगे शिंकलंय खंय?"

"तां फोनात येवच्या आदीच फोन वळलो."

आमची मुलगी कुवेतला नर्स आहे. तिने व्हिडिओ हळू करून, मोठा करून पाहिला आणि फोनवर सांगितलं, "मम्मी, तू हसतेसच." थोड्या वेळाने तिचाच पुन्हा फोन आला. "मम्मी, खोकत असशील कदाचित." मग तिसऱ्यांदा, "तू रडत होतीस का गं?" मी म्हटलं, मी कशाला रडू? ती म्हणाली, "त्यांची आई चालली होती ना घर सोडून." तेव्हा मला धक्का बसला. कारण व्हिडिओतली पिशवी पाहूनही काकी खरंच घर सोडून गेली हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. दोन दिवस दिसली नाही तर मी समजले होते, लेकीबरोबर चार दिवस राहायला गेली असेल.

दोन दिवसांनी सुनेने आपला व्हिडिओ टाकला. होमस्टेच्याच खात्यावर, जिथे ती एरवी सोलकढी आणि सूर्यास्त टाकायची. त्यात तिने नणंदेच्या व्हिडिओतले ते चार सेकंद घेतले होते आणि माझ्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला होता. शुद्ध मराठीत ती म्हणत होती, "सासूबाई स्वतःहून निघाल्या होत्या, माझे मिस्टर त्यांना थांबवत होते. नाटक कोण करतंय ते आमच्या शेजाऱ्यांनाही माहीत आहे. बघा, त्या कशा हसतायत." संध्याकाळपर्यंत नणंदेचं उत्तर आलं. तेच माझं तोंड, या वेळी पिवळ्या गोलात. "असे शेजारी हसायला उभे असतात, म्हणूनच माझ्या भावाची एवढी हिंमत होते."

मी दोन्ही व्हिडिओ एकामागून एक लावून बघत बसले. मुलाचा हात पिशवीवर आहे हे दोघींनाही मान्य होतं. तो पिशवी ढकलतोय की ओढून घेतोय, हे मला शंभरदा पाहूनही सांगता आलं नाही. आणि मी वीस पावलांवर उभी होते म्हणे.

भांडण कशावरून झालं हेही मला आजतागायत नीट कळलेलं नाही. कट्ट्याच्या बाजारात अस्तराचं कापड आणायला गेले तर दुकानात दोन बायका सांगत होत्या की होमस्टेची एक खोली लेकीच्या नावावर करायची होती. एसटीत ऐकलं की सून काकीला पाहुण्यांसमोर येऊ देत नव्हती, अंगाला माशांचा वास येतो म्हणून. रेडीची नवऱ्याची एक लांबची नातलग, जिने ते घर कधी पाहिलेलं नाही, ती मला फोनवर सगळं पहिल्यापासून सांगू लागली, आणि मध्येच थांबून म्हणाली, "तुका सांगूक कित्या होया? तू तर थंयच होतंस."

लोक यायला लागले. समुद्रात डुबकी मारायला आलेले पर्यटक आमच्या गेटपाशी गाडी थांबवून विचारत, "ते घर हेच का?" मी समोर बोट दाखवावं की न दाखवावं? दाखवलं तर शेजाऱ्याशी वैर, न दाखवलं तर आमच्याच घराचे फोटो. एकदा एक मुलगी म्हणाली, "आंटी, एकदा तसंच हसा ना." तिच्या हातात फोन होता. मी आत गेले. आत जाताना माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते तिलाच माहीत. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी गेटला आडवा बांबू बांधला, तो बघून पाववालाही पुढच्या पुढे जायला लागला.

गिऱ्हाइकं कमी झाली असंही नाही म्हणता येत. काही बायका नुसतं बोलायला म्हणून ब्लाउज पीस घेऊन आल्या. आणि काही, ज्या वीस वर्षं माझ्याकडे येत होत्या, त्या आल्याच नाहीत. एका आईने मुलीच्या कम्युनियनच्या झग्याचं कापड परत नेलं. "आमका वायच घाई आसा," म्हणाली. समारंभाला सात महिने होते.

मग माइक घेऊन एक जण आला. कुठल्याशा छोट्या चॅनेलचा. त्याने अगदी अदबीने विचारलं, "मावशी, आपण त्या घटनेच्या प्रत्यक्ष साक्षीदार आहात. आपल्या हसण्यामागचं कारण काय?"

माइक समोर आला की आमची मालवणी पळून जाते. मी शाळेतल्यासारखी उभी राहिले आणि म्हटलं, "मला काही माहीत नाही. दोन्हीकडची माणसं चांगली आहेत. त्यांचं ते बघून घेतील." त्यातलं फक्त "मला काही माहीत नाही" एवढंच त्याने दाखवलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "माहीत नाही म्हणते, दात मात्र सगळे दिसतायत."

काकीच्या लेकीने पोलिसांत अर्ज दिला होता, त्यात साक्षीदार म्हणून मी होते. बोलावणं आलं तेव्हा मी चांगली साडी नेसून गेले, कारण काय नेसून जावं ते सुचलं नाही. हवालदार वयस्क होते, समजूतदार होते. म्हणाले, "बाई, घाबरू नका. आपण हसत होता की नव्हता, तेवढं सांगा." मी म्हटलं, मला आठवत नाही. ते म्हणाले, "असं लिहिता येत नाही." आम्ही दोघं बराच वेळ विचार करत बसलो. शेवटी त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: "सदर वेळी मी माझ्या घराच्या अंगणात उभी होते. माझ्या चेहऱ्यावर हास्य असल्याचे व्हिडिओत दिसते. त्याचे कारण मला सांगता येत नाही." मी सही केली. घरी येताना वाटलं, आपण खरं तेच लिहून दिलं. आणि तरी काहीतरी कबूल करून आल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवसांत मला एक खोड लागली. गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघावेत म्हणून पडवीच्या कोपऱ्यात पडद्यामागे मोठा आरसा आहे. कुणी नसताना मी त्याच्यासमोर उभी राहायचे. कपाळावर हात ठेवायचे, उन्हाकडे बघतो तसे डोळे बारीक करायचे, तोंड उघडायचे. हसून बघायचे. शिंक आणून बघायचे. प्रत्येक वेळी थोड्याफार फरकाने तेच दिसायचं. पंचावन्न वर्षं हा चेहरा घेऊन मी फिरतेय, आणि तो बाहेरून कसा दिसतो याची मला काहीच कल्पना नव्हती. वाडीतल्या एका मयताच्या मिस्साला चर्चमध्ये गेले तेव्हा पूर्ण वेळ तोंडावर रुमाल धरून बसले. बाहेर आल्यावर मयताच्या बहिणीने माझा हात धरला. तिला वाटलं मी रडतेय. मी रुमाल तसाच धरून ठेवला.

जुलैत एका दुपारी काकी आली. पेन्शनच्या कसल्याशा कागदासाठी शिरोड्याहून एसटीने आली होती. स्वतःच्या घराकडे न वळता ती बांबूखालून वाकून सरळ आमच्या पडवीत येऊन बसली. बारीक झाली होती. मी पाणी दिलं, चहा टाकला. ती समोरच्या आपल्या घराकडे बघत होती आणि मला वाटत होतं, ती आता विचारणार. तिने विचारलंच.

"गो बाय, राग मानू नको. तू त्या दिसा कित्या हसलंस?"

"काकी, माका खरांच म्हायत नाय."

"म्हायत नाय म्हंजे? तोंड तुझांच मा?"

"माझांच. पण माका आठवणा नाय. तुजो आवाज आयकलंय की नाय, तां पण आठवणा नाय."

ती चहा बशीत ओतून थोडा वेळ प्यायली. मग म्हणाली, "माझी लेक म्हणता, तू माझ्यार हसलंस. सून म्हणता, तू माझ्या नाटकार हसलंस. मी म्हटलंय, जावंदे. तिना माका पाणी दिल्यान, तां कोणाच्या फोनात इला नाय."

मला समजेना. "खंयचा पाणी, काकी?"

"अगो, मी भायर पडलंय, एसटीक उबी रवलंय. तू तांब्यो घेवन इलंस. गुळाचो खडो पण हाडलेलंस. म्हटलंस, रिकाम्या पोटान जाव नको."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. मला तांब्या आठवला नाही, गूळ आठवला नाही, एसटीच्या थांब्यापर्यंत गेल्याचं आठवलं नाही. मला म्हणता आलं असतं, की काकी, ते मी केलेलं नाही. पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याबद्दल बरं बोलत होतं. मी खाली मान घातली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याचा अर्थ तिने काय घ्यायचा तो घेतला.

ती गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तां चार वर्सां आदीचा. तिका चक्कर इल्ली थांब्यार, तेवा तू गेल्लंस." मग डोकं खाजवून म्हणाला, "की तां मी गेल्लंय?" म्हणजे माझं एक हसणं होतं, जे साऱ्या जगाने पाहिलं होतं आणि मला आठवत नव्हतं. आणि एक तांब्याभर पाणी होतं, जे फक्त काकीने पाहिलं होतं आणि तेही मला आठवत नव्हतं. त्यातलं मी काय केलं आणि काय नाही, हे कुणाला विचारू?

गणपतीच्या आधी काकी परत आपल्या घरी आली. कशी, कुणाच्या मध्यस्थीने, काही कळलं नाही. एक दिवस सकाळी बघते तर ती आपल्या अंगणात झाडू मारत होती, जशी कधी गेलीच नव्हती. लेकीने व्हिडिओ काढून टाकला, सुनेनेही काढला. चतुर्थीला शिरोड्याहून लेक, जावई, पोरं सगळी आली. रात्रीची भजनं आमच्यापर्यंत ऐकू येत होती. दरवर्षी मुलगा स्वतः येऊन माझ्या नवऱ्याला दर्शनाला बोलवायचा. त्या वर्षी आला नाही. नवरा शर्ट घालून पाच दिवस संध्याकाळी पडवीत बसायचा आणि साडेआठ झाले की तो काढून ठेवायचा.

कारण मला सुनेच्या चुलत बहिणीकडून कळलं. ती ब्लाउज घालून बघायला आली होती. मी टाचण्या लावत होते आणि ती आरशात बघत बोलत होती.

"ती आता एक झाली ओ सगळी. म्हणतत, घरात काय एवढां नव्हतांच. शेजाऱ्यांनीच हसून हसून वाढवलां."

"मी?" टाचणी माझ्या बोटात गेली.

"तुमचां नाव नाय घेवक. शेजारी म्हणतत." आणि वळून म्हणाली, "पण बरां झाला मा? एक झाली मा?"

मला त्यावर हो म्हणावं लागलं. बरं झालंच होतं. सासू, सून, भाऊ, बहीण, चौघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट मी होते. याचं मी वाईट वाटून घ्यावं की नाही, हे मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, त्यालाही कळत नाही.

व्हिडिओ गेले, पण माझं तोंड गेलं नाही. ऑक्टोबरात मुलीचा कुवेतहून फोन आला. तिच्या वॉर्डातल्या नर्सेसच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या हसण्याचं स्टिकर पाठवलं होतं, खाली "असंच पाहिजे" असं लिहिलेलं. केरळच्या एका मुलीने, जिला मराठी येत नाही, तिने त्यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला.

"मी सांगितलं नाही मम्मी, ती तू आहेस म्हणून," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं का?"

"नको सांगू."

"तू त्यात छान दिसतेस पण," ती म्हणाली.

नाताळ आला. दरवर्षी मी समोरच्या घरात फराळाचं ताट पाठवते, नेवऱ्या, कुलकुलं, गुळाचा दोदोल. त्या वर्षी ताट भरलं आणि तसंच टेबलावर झाकून ठेवलं. नवरा म्हणाला, "धाड." मग म्हणाला, "की नको?" सकाळची मिस्सा झाली, जेवण झालं. दुपार उतरल्यावर मीच उठले आणि ताट घेऊन निघाले.

त्यांच्या दारात पोचले तर सगळी बसलेली होती. शिरोड्याची लेकही सुट्टीला आली होती. काकी, मुलगा, सून, लेक, चौघांनी एकदम वर बघितलं, आणि चौघांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर थांबले. हसावं, तर ते तेच हसणं दिसणार. न हसावं, तर सणाच्या दिवशी तोंड पाडून आलेली बाई. मी ताट पुढे धरलं आणि माझं तोंड कसं झालं होतं ते देवाला ठाऊक.

"ये गो, भितर ये," काकी म्हणाली. "भायर कित्या उबी?"

सुनेने ताट घेतलं. लेकीने हातातला फोन पालथा करून मांडीखाली सरकवला आणि मला खुर्ची दिली. मुलगा म्हणाला, यंदा पाहुणे बरे आहेत. मी म्हटलं, हवा पण बरी आहे. आतून चहा आला. काकीने दोदोलची वडी तोडून तोंडात टाकली आणि विचारलं, "यंदा गूळ खंयचो घातलंस?"

मी सांगितलं, कट्ट्याचा.

"बरो आसा," ती म्हणाली.